करिअर कोच घ्यावा का? घ्यायचा तर पारखायचा कसा?

इंद्रायणीकाठी

नमस्कार मंडळी. मी इथं वाचते भरपूर, लिहीत नाही. या वेळी मात्र सल्ला हवाय.

वय ४१. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं क्वालिटीत आहे. आम्ही बनवतो ते सगळं इंजिनाच्या पोटातलं. विजेच्या गाडीला इंजिनच नाही, त्यामुळे आमच्या पार्टचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. गेल्या वर्षी एक लाइन बंद झाली. अजून कुणाला काढलेलं नाही, पण कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नसतो. मी शेवटचा बायोडेटा केला तेव्हा मोबाइलला बटणं होती. मुलाखतीत काय बोलतात तेही आठवत नाही.

समोर तीन पर्याय आहेत.

एक. इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून ९९ रुपयांचं वेबिनार केलं. तीन तास. माणूस बोलायला जबरदस्त, दोनदा डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते. शेवटच्या चाळीस मिनिटांत बारा आठवड्यांचा 'ट्रान्स्फॉर्मेशन प्रोग्रॅम' बाहेर आला. किंमत ६४,९००, पण आज रात्री बारापर्यंत नाव घातलं तर ४९,०००. हप्त्यांची सोय आहे. मी नाव घातलं नाही, तेव्हापासून रोज फोन.

दोन. बाणेरच्या एक कोचबाई. मैत्रिणीनं सुचवल्या. बैठकीला साडेचार हजार अधिक जीएसटी, किमान सहा बैठका. म्हणजे बत्तीस हजारांच्या आसपास.

तीन. माझे जुने साहेब. निवृत्त होऊन चिंचवडला असतात. म्हणतात, "कोचबिच काय, ये चहाला." फुकट. पण त्यांच्या मते मी आहे तिथंच चिकटून राहावं.

घरी विचारलं तर 'हे' म्हणतात, तुझं तू ठरव. हा पाठिंबा आहे की सुटका, ते मला लग्नाच्या सोळाव्या वर्षीही कळत नाही. कुणी कोच घेतलाय का? पैसे वसूल झाले का?

सदाशिवपेठी_पाटी

आमच्या वेळी कोच रेल्वेला असायचे. आरक्षण असल्याशिवाय चढू नये, असं वडील सांगत.

अर्धा_कप

पाटीसाहेब, तुम्ही गमतीत बोललात, पण शब्द खरंच गाडीवरूनच आलाय. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्या नामांकित होत्या, म्हणून गाडीला गावाचं नाव पडलं. पुढे १८३०च्या सुमाराला ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला कोच म्हणू लागली. थोडक्यात, गाइडं आणि २१ अपेक्षित ही परंपरा साहेबाकडेही होती.

अवांतराबद्दल क्षमस्व. धागा चालू द्या.

एचआरवाली

इंद्रायणीताई, मी हिंजवडीत एका कंपनीत एचआरमध्ये आहे. वरिष्ठांसाठी कोच नेमणं माझ्या कामात येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे 'कोच' म्हणवून घ्यायला आपल्याकडे कसलाही परवाना लागत नाही. डॉक्टर, वकील, सीए यांच्यासारखी नोंदणी नाही. उद्या मी लिंक्डइनवर नावापुढे 'लाइफ अँड करिअर कोच' लिहिलं तर मला कुणी हटकणार नाही. माझी दोन वर्षांपूर्वीची रिसेप्शनिस्ट आज 'माइंडसेट कोच' आहे. मुलगी चांगली होती, फक्त फोन उचलायची नाही.

खाजगी संस्थांची मान्यता मात्र असते. त्यातली सर्वांत चालणारी म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची. सगळे आयसीएफ म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीसाठी निदान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष लोकांना कोचिंग. पीसीसीला १२५ तास शिक्षण आणि ५०० तास काम. एमसीसीला २०० आणि २,५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. शिवाय कुणाकडून तरी आपलं काम तपासून घ्यावं लागतं, परीक्षा असते. कोचचं नाव त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधता येतं. तेव्हा कुणी 'आयसीएफ सर्टिफाइड' म्हटलं की पुढचा प्रश्न हा: तुम्ही स्वतः एसीसी आहात, की आयसीएफची मान्यता असलेला कोर्स फक्त पूर्ण केलाय? यात बारावी पास आणि बारावीच्या क्लासला नाव घातलेला, इतका फरक आहे. पुष्कळ लोक दुसऱ्यावरच थांबलेले असतात आणि सही मात्र पहिल्यासारखी करतात.

एवढं सांगून हेही सांगते की मी एक एमसीसी बघितलाय ज्याच्यासमोर आमच्या डिलिव्हरी हेडला जांभया आवरत नव्हत्या. तास मोजता येतात, सूर जुळणं मोजता येत नाही.

आणि कंपनीनं कोच दिला असेल तर पहिल्याच भेटीत विचारा की आपलं बोलणं साहेबांपर्यंत किती जाणार. चांगले कोच सुरुवातीलाच तुम्ही, ते आणि कंपनी अशी तिघांची बैठक घेतात, उद्दिष्टं सगळ्यांसमोर ठरतात आणि बाकीचं बोलणं दोघांत राहतं. हे स्पष्ट नसेल तर त्या खोलीत फक्त हवापाण्याबद्दल बोलावं.

उंटावरचा_शहाणा

काय गंमत आहे. पन्नास हजार देऊन दुसऱ्याला विचारायचं, 'मला काय हवंय?' आमच्या आजोबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी दोन गायी घेतल्या असत्या.

या लोकांच्या माहितीपत्रकात सचिनच्या आचरेकर सरांचा फोटो ठरलेला. स्टंपवरचा रुपया ठरलेला. सरांनी शिवाजी पार्कच्या मातीत उन्हात उभं राहून पोरं घडवली. यांनी कुठल्या उन्हात कुणाला घडवलं?

अर्धा_कप

शहाणे, आचरेकरांचं एक मात्र या मंडळींनी घ्यायला हवं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निवृत्तीच्या भाषणात सचिन म्हणाला होता की सर मला कधीच 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. मी सैलावेन म्हणून. आजचा कोच दर चार मिनिटांनी 'वाव, ब्युटिफुल शेअरिंग' म्हणतो.

चौथी_खुर्ची

इथं आधीच उघड करते: मी स्वतः कोच आहे, एसीसी. नाव, दुकान काही सांगणार नाही, व्यक्तिगत निरोपही नकोत.

उंटावरच्या शहाण्यांच्या गायींबद्दल आदर आहे. पण आचरेकर सर ज्या अर्थानं कोच होते तो अर्थ वेगळा. खेळाचा कोच सांगतो: डावा खांदा पुढे घे. आमच्या कामात सांगणं कमी आणि विचारणं जास्त. मला चाकणच्या प्लांटमधलं काही कळत नाही, कळायची गरजही नसते. तुम्हाला जे आधीपासून दिसतंय पण तुम्ही ज्याकडे बघत नाही, तिथं दिवा धरणं एवढंच. हे ऐकायला पोकळ वाटतं, मान्य आहे. म्हणून फुकटची पहिली भेट मागा. बहुतेक कोच वीस ते तीस मिनिटं देतात, तिला 'केमिस्ट्री' म्हणायची पद्धत आहे. त्या अर्ध्या तासात घड्याळाकडे एक डोळा ठेवा आणि कोण किती बोललं ते बघा. वीस मिनिटं कोचच बोलली असेल तर उठा, ती मीच असले तरी.

अजून एक. ताई सगळं हसत हसत लिहितायत, पण काळजी खूप दिवसांची दिसतेय. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, रडू येत असेल, तर ते कोचचं काम नाही. आधी डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक विचारावा, तिथं कायदा आहे, १९९२चा. आणि अडीनडीला १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. 'मी डिप्रेशन कोचिंगनं घालवतो' म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

इंद्रायणीकाठी

@चौथी_खुर्ची, अहो तुम्ही कसं ओळखलंत? तीनला जाग येते, हे मी लिहून खोडलं होतं.

जर्सीची_चिंच

ताई, माझा अनुभव थोडा कडू आहे. २०२३ मध्ये इथं अमेरिकेत ले-ऑफ झाला. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, तेवढ्यात दुसरा मालक किंवा दुसरा व्हिसा, नाहीतर बॅग भरायची. मी घाबरून एक कोच घेतली. अगदी प्रेमळ बाई, मान्यताप्राप्त वगैरे. पहिल्या भेटीत आम्ही 'जीवनाचं चाक' काढलं. आठ पाकळ्या, प्रत्येकीला दहापैकी गुण. दुसऱ्या भेटीत माझी मूल्यं काढली. माझं पहिलं मूल्य निघालं 'स्थैर्य'. बाई गं, ते मला विमानतळावर उतरल्या दिवसापासून माहीत आहे!

तोवर सोळा दिवस गेले होते. मला हवा होता इमिग्रेशनचा वकील, रेझ्युमे दुरुस्त करून देणारा कुणीतरी आणि 'माझ्या टीममध्ये जागा आहे' म्हणणारा एक ओळखीचा. तिन्ही मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाले, एक तर गणपतीच्या वर्गणीच्या निरोपाखालीच. कोच वाईट नव्हती. मी चुकीच्या दुकानात शिरले होते. तिनं मात्र पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं की हे माझ्याकडे मिळत नाही. ते न सांगता दोन भेटींचे पैसे घेतले, याचा राग अजून आहे.

तुमच्याकडे घड्याळ चालू आहे का, हे आधी बघा. सहा महिने असतील तर चाकं काढत बसा खुशाल.

पोदेर

म्हापशाहून. कोचला आपल्या धंद्यातलं कळायची गरज नाही, हे खुर्चीबाईंचं मला पटलं नाही. मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. माझा ऑनलाइन कोच बेंगळुरूचा. डिसेंबरात मला म्हणतो, रोज सकाळी सहाला उठून तासभर डायरी लिहा. अहो, सीझनला मी पहाटे तीनला घरी पोचतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "इज दॅट अ लिमिटिंग बिलीफ?" म्हणजे मनानंच घातलेली आडकाठी.

नाही हो, ती नाइट शिफ्ट.

चौथी_खुर्ची

@पोदेर, हात टेकले. धंदा कळायची गरज नाही, पण ऐकू यायची गरज आहे. हे असं लिहायला हवं होतं मी.

संत्राबर्फी

अजी, पहिल्या पर्यायाकडे तर पाहूच नका. मी नागपूरचा, फसून बसलो आहे म्हणून सांगतो.

माझंही असंच ९९ वालं. नाव सांगत नाही, काही उपयोगही नाही, नाव दर सहा महिन्यांनी बदलते. शेवटी ५८,००० ठरले. मी म्हटलं एकदम नाही जमत. तर पोरगी म्हणे, "सर, नो प्रॉब्लेम, नो कॉस्ट ईएमआय, फक्त आधार-पॅन आणि ओटीपी." मी दिला. मला वाटलं फी हप्त्यानं भरतो आहे. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमचं कर्ज मंजूर. भलत्याच फायनान्स कंपनीकडून! म्हणजे कोचला सगळे पैसे एका दिवसात पोचले आणि बारा महिने कर्ज माझ्या बोडख्यावर. क्लास आवडो न आवडो, हप्ता तर कापला जाणारच. तीन आठवड्यांनंतर ते साहेब येणंच बंद झाले, त्यांचे 'अकाउंटेबिलिटी पार्टनर' यायचे. म्हणजे माझ्यासारखाच मागच्या बॅचचा फसलेला.

मग मी शिकलो ते लिहितो. मोबाइलवरून असं कर्ज घेतलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं परत फिरायची मुदत द्यावी लागते, निदान एक दिवस तरी. तेवढ्यात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज भरलं की दंड नाही. किती दिवस ते कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असते. मी ते उघडलंच नव्हतं. दुसरं, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार टाकली. मग नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, त्यांच्या गावी जावं लागत नाही. हे नोटिशीत लिहिल्यावर फोन आला. चार महिने भांडून ३१,००० परत मिळाले. बाकीचे गेले उडत.

आणि बिलावर जीएसटी लावला असेल तर नंबर मागा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहता येते खरा आहे का. माझ्या पावतीवर १८ टक्के होते, नंबर नव्हता.

एचआरवाली

@संत्राबर्फी, हे सगळं लिहिल्याबद्दल धन्यवाद. फसलो हे सांगायला लोक लाजतात, त्यावरच यांची दुकानं चालतात. फक्त एक भर: वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर कोचला जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे एखाद्या प्रामाणिक छोट्या कोचकडे नंबर नसेल तर ती फसवणूक नव्हे. नंबर नसताना कर लावणं ही फसवणूक.

दादाची_बहीण

मध्येच विचारते, सॉरी. भाऊ दहावीत आहे. शाळेत एक करिअर कोच आले होते, दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगतात, ६,००० रुपये. घ्यावं का?

चौथी_खुर्ची

नको. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. ठसे ओळख पटवायला असतात. मुलासाठी रीतसर अभिक्षमता चाचणी करा आणि ती देणारा माणूस मानसशास्त्र शिकलेला असू दे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, ठाण्यात आयपीएच अशा जुन्या संस्था हे काम करतात. आणि चाचणीचा कागद घेऊन घरी येऊ नका, त्यावर बसून बोलणं हीच खरी फी.

सदाशिवपेठी_पाटी

ठसे फक्त सातबाऱ्याच्या कामाला द्यावेत. तेही वाचून.

संपादक

एका सदस्याचा 'माझी लाइफ बदलली, लिंक खाली' हा प्रतिसाद काढला आहे. हा त्या सदस्याचा पहिला आणि शेवटचा प्रतिसाद होता. शालेय मुलांच्या चाचण्यांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

शिरोलीचा_भट्टीवाला

ताई, मी कोल्हापूरचा. शिरोलीला फाउंड्रीत आहे. तुमच्यासारख्या ताई आमच्याकडं ऑडिटला येतात तेव्हा आम्हाला घाम फुटतो, म्हणून जरा हक्कानं लिहितो.

एवढी वर्षं सप्लायर पारखताय, मग कोचचंच एवढं कोडं का पडावं? आम्ही आयएटीएफचं, म्हणजे गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट सोनेरी फ्रेम करून रिसेप्शनला लावलंय. तुम्ही लोक त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. चहा नको म्हणता, बूट घालता आणि सरळ शॉपवर. पहिला प्रश्न, "रिजेक्शनचा लाल डबा कुठाय?" डबा भरलेला असला तर तुम्ही विचारता का भरला, काय केलं. आणि डबा रिकामा दिसला तर? तर तुमचा चेहराच बदलतो. कारण रिकामा लाल डबा म्हणजे एकतर माल तपासत नाहीत, नाहीतर तुम्ही यायच्या आधी मागच्या गेटनं बाहेर काढलाय. आमचा एकदा काढलेला होता. ताईंनी मागं जाऊन बघितला.

तर तिघांनाही विचारा, तुमचा लाल डबा दाखवा. कोण अर्ध्यात सोडून गेलं, कुणाचं काहीच झालं नाही, आणि का. पाच स्टार देणाऱ्यांची नावं घेऊन काय करताय.

लई लिहिलं. पाऊस लागलाय, लाइट गेलीय, म्हणून वेळ आहे.

एचआरवाली

नोकरी बदलून तुम्ही आमच्याकडे या, दादा.

उंटावरचा_शहाणा

हा प्रतिसाद चिकटवून वर ठेवा. बाकीचा धागा काढून टाकला तरी चालेल. माझ्या गायींसकट.

इंद्रायणीकाठी

भट्टीवाले दादा, तुमचा प्रतिसाद 'यां'ना वाचून दाखवला. हसून हसून चहा सांडला. मागच्या गेटनं काढलेला डबा मीही पकडलाय, कोल्हापुरातच, पण तुमची फाउंड्री नसावी अशी आशा आहे.

तिघांना विचारून येते.

इंद्रायणीकाठी *(सात आठवड्यांनी)*

मंडळी, धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून इथंच सांगते.

आधी डॉक्टरकडे गेले, खुर्चीताईंचं ऐकून. रक्त तपासलं तर थायरॉइड वर-खाली निघालं. तीनची जाग सगळी नोकरीमुळे नव्हती. गोळी चालू आहे, आता पाचला उठते. पाचला उठणारे लोक यशस्वी असतात असं वेबिनारमध्ये सांगितलं होतं, बघू.

मग लाल डबा.

वेबिनारवाल्यांच्या मुलीला फोनवर विचारलं, तुमच्या प्रोग्रॅमचा कुणाला उपयोग झाला नाही? ती म्हणाली, "मॅम, आमचा सक्सेस रेट शंभर टक्के आहे. ज्यांचा होत नाही ते शंभर टक्के कमिटेड नसतात." मी तिला विचारलं, म्हणजे माल नापास झाला तर चूक गिऱ्हाइकाची? तिनं मला तिच्या सीनियरकडे दिलं. सीनियरनं मला विचारलं की तुम्ही पैशांना घाबरता का. मी म्हटलं, हो.

बाणेरच्या बाईंना समोरासमोर विचारलं. त्या पटकन काही बोलल्या नाहीत. मग दोन जणांचं सांगितलं, नावं न घेता. एकाला खरं तर मानसोपचाराची गरज होती आणि हे त्यांच्या चार बैठका उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून पहिल्या भेटीतच झोप, जेवण विचारतात. मलाही विचारलं होतंच. दुसऱ्याला नोकरी लावून देणारं कुणी हवं होतं, तसं त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. तो चिडून गेला. "त्याचं चिडणं बरोबर होतं," म्हणाल्या. सहा बैठकांची अट आहेच का, विचारलं. म्हणाल्या, तीन करू, मग तुम्ही सांगा.

साहेबांना चहाला जाऊन विचारलं तर ते इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, लाल डबा काय दाखवू, त्यात मीच आहे." १९९८ मध्ये त्यांना एका जपानी कंपनीची नोकरी चालून आली होती, आईच्या आजारपणाचं कारण सांगून नाकारली. आई तशी ठणठणीत होती. सत्तावीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंनाही नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी पोहे संपवून लवकर निघाले. मला 'चिकटून राहा' का सांगत होते ते मात्र समजलं.

तर बाईंच्या तीन बैठका केल्या. पहिलीत विशेष काही नाही, मला वाटलं पैसे गेले. दुसरीत त्यांनी मला पंधरा वर्षांत केलेलं सगळ्यात अवघड काम सांगायला लावलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार होती, अकरा दिवस लाइन थांबायची वेळ आली होती, मूळ कारण शोधून आठ टप्प्यांचा रिपोर्ट दिला आणि ऑर्डर वाचली. मी दहा मिनिटं बोलले असेन. त्या म्हणाल्या, "तुम्ही बावीस वेळा 'आम्ही' म्हणालात. 'मी' एकदाही नाही. हे काम कुणी केलं?" त्या चक्क कागदावर रेघा मारत बसल्या होत्या.

मी केलं होतं. रात्रपाळीला थांबून, एकटीनं, फर्नेसच्या तापमानाच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढून मी केलं होतं. आणि हे मी बायोडेटात 'टीमसोबत काम' असं लिहिलं होतं.

घरी येऊन बायोडेटा पुन्हा लिहिला. प्रत्येक ओळीत 'मी' लिहिताना हात अडखळत होता, आपल्याला सवयच नसते. तिसरी बैठक त्यावरच गेली. मग थांबले. बाई म्हणाल्या, गरज वाटली तर या. पुढे एकही फोन नाही, मेसेज नाही. पावती मात्र दुसऱ्या दिवशी मेलवर, जीएसटी नंबरसकट. संत्राबर्फीदादा, तपासला. खरा आहे.

मुलाखतीची ओळख साहेबांनी काढून दिली, त्यांचा जुना शिष्य रांजणगावला बॅटरी पॅक बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो. पहिली फेरी झाली, दुसरी पुढच्या गुरुवारी. पगार आहे तेवढाच मिळेल असं दिसतंय आणि मोशीहून जाणं-येणं लांब आहे. त्यामुळे मिळाली तरी घेईन की नाही माहीत नाही. 'हे' म्हणतात, तुझं तू ठरव.

जर्सीची_चिंच

बावीस वेळा 'आम्ही'! मी आत्ता माझा रेझ्युमे उघडून मोजते.

शिरोलीचा_भट्टीवाला

ताई, गुरुवारी त्यांच्या शॉपवर फिरवतील तेव्हा डबा बघून या. आणि एक विचारायचं होतं, कोल्हापुरात मागच्या गेटला पकडलेलं ते साल कुठलं? सहज विचारतोय.

चौथी_खुर्ची

अभिनंदन म्हणत नाही, गुरुवारनंतर म्हणेन. रेघा मारण्याची युक्ती मात्र उद्यापासून माझी.

संत्राबर्फी

पण ताई, त्या वेबिनारवाल्यांचे फोन थांबले का?

इंद्रायणीकाठी

नाही हो. काल नव्या नंबरवरून आला होता. ४९,०००ची ऑफर अजून आहे म्हणे. आज रात्री बारापर्यंत.